ताण पचवणारी बाई

मला जो आजार झाला त्याचं नाव टाकोत्सुबो. जपानमध्ये ऑक्टोपस पकडायच्या मडक्याला तसं म्हणतात. या आजारात हृदय खालून फुगतं आणि त्या मडक्यासारखं दिसतं. मोठा धक्का बसला की होतो, आणि बहुतेक वेळा माझ्या वयाच्या बायकांना होतो. यापुढे डॉक्टरी माहिती मी देणार नाही. ती तुमचे डॉक्टर देतीलच, आणि माझ्यापेक्षा चांगली देतील.

कार्डियाक रिहॅबच्या, म्हणजे हृदयाच्या दुखण्यानंतरच्या व्यायामाच्या वर्गात आम्हाला सांगितलं होतं, की जमलं तर आपला अनुभव लिहून काढा, पुढच्यांना उपयोग होतो. मी बरेच महिने टाळलं. असं लिहिणारी माणसं शेवटी एखादी टेकडी चढून दाखवतात, आणि मी काही टेकडी चढलेली नाही. पण त्या वर्गात एक बाई कायम मागच्या खुर्चीत बसायची. बाकीचे बरे होताहेत आणि आपण नाही, याचीच तिला लाज वाटत असावी असा तिचा चेहरा असायचा. तिच्यासारखी कोणी मराठी वाचणारी असेल तर तिच्यासाठी हे लिहिते आहे. वाचून धीर येईलच असं नाही. मला स्वतःला अजून आलेला नाही.

प्रकल्पातली बाई

मी वसुधा, वय बहात्तर. एडिनबरात येऊन चाळीस वर्षं होऊन गेली. माझे पती अरविंद मिरजेत डॉक्टर झाले आणि इथे भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाले. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. रक्त, लघवी, थुंकी, जे येईल ते तपासायचं. बाटलीवर नाव चुकलं असेल किंवा वेळ लिहिली नसेल, तर नमुना मी परत पाठवायचे. वॉर्डातल्या नर्सेस मला टरकून असत, आणि त्याचा मला अभिमान होता.

निवृत्तीनंतर एका प्रकल्पासाठी जीपीमार्फत, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांमार्फत, पत्र आलं. म्हातारपणी ताण कोण कसा झेलतं, यावर तिथे अभ्यास चालला होता. एकच संकट एकाला मोडतं आणि दुसरा त्यातून उठून चालायला लागतो, असं का? मी लगेच नाव दिलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे नमुने तपासले, आता आपले देऊ या म्हटलं.

वर्षातून एकदा जायचं. फिओना नावाची रिसर्च नर्स असायची, मृणालच्या वयाची. मृणाल म्हणजे माझी मुलगी. फिओना रक्त घ्यायची, फॉर्म भरून घ्यायची. मग एका खोलीत दोन गंभीर चेहऱ्यांच्या माणसांसमोर उभं राहून मोठ्यानं एका मोठ्या आकड्यातून सारखी वजाबाकी करत जायचं. ती माणसं मुद्दाम हसत नसत. आपल्याला घाम फोडायचा, हाच हेतू. नंतर ठरावीक वेळानं नळीत थुंकायचं. शरीरातलं ताणाचं रसायन किती चढलं यापेक्षा ते किती लवकर उतरलं, हे त्यांना बघायचं असे. शिवाय घरी दोन दिवस, दिवसातून चार वेळा, तसेच थुंकीचे नमुने घेऊन फ्रीजमध्ये ठेवायचे.

कोणाचा निकाल काय हे ते सांगत नाहीत. पण एकदा फॉर्म चाळताना फिओना म्हणाली होती, की सगळे तुमच्यासारखे असते तर आम्हाला अभ्यासच करावा लागला नसता. ते वाक्य मी घरी घेऊन आले आणि बरीच वर्षं जपून ठेवलं.

इतकं, की आमच्या मराठी मंडळात मी त्यावर बोलले. गणपतीत दरवर्षी कोणाचं तरी व्याख्यान असतं. मी स्लाइड्स केल्या. ताण सगळ्यांनाच येतो, पण झोप, चालणं, माणसांत असणं, आणि आपल्या हातात काहीतरी आहे ही जाणीव असेल तर शरीर पुन्हा जागेवर येतं, वगैरे. चहाच्या वेळी नलिनीताई भेटल्या. त्यांच्या मिस्टरांचं डायलिसिस चालू होतं. त्यांनी मला विचारलं, "म्हणजे काही जणांच्यात ते मुळातच नसतं, असं ना?" मी म्हणाले, "तसं नाही हो, सवयीनं येतं." त्यांनी मान हलवली आणि कप घेऊन दुसरीकडे गेल्या.

तेव्हा अरविंदना विसरायला व्हायला लागून वर्ष झालं होतं.

इंग्रजी गेलं

डिमेन्शियात भाषा उलट्या क्रमानं जाते, असं ऐकलं होतं. शेवटी आलेली आधी जाते. ज्या इंग्रजीत अरविंदनी तीस वर्षं स्कॉटिश माणसांना "आता दहापासून उलटे आकडे मोजा" म्हणून झोपवलं, ते इंग्रजी दीड वर्षात पुसलं गेलं. आधी टीव्ही कळेनासा झाला. मग जीपीला ते मराठीत उत्तरं द्यायला लागले, आणि डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मग घरी मदतीला येणारी केअरर, दुकानदार, शेजारी, सगळ्यांशी मराठीच. या शहरात त्यांचं बोलणं समजणारी दिवसभरासाठी मी एकटीच उरले. मी बाथरूममध्ये गेले तरी ते जगापासून तुटायचे.

मग मी अनोळखी व्हायला लागले. सुरुवातीला तासभर, नंतर दुपारभर. ते मला अहो-जाहो करायचे. चहा दिला की "कशाला त्रास घेतलात" म्हणायचे. ते घाबरले की मात्र ढकलायचे. एकदा माझा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. मृणालला मी सांगितलं, बर्फावर घसरले.

मृणाल लंडनला असते, हॅरोत. तिचा दर रविवारी फोन यायचा आणि मी दर रविवारी "छान चाललंय" म्हणायचे. कोणी "कसं आहे" विचारलं की आपण "छान" म्हणतो, तसंच ते. निदान मला तसं वाटायचं.

बिन्सचा दिवस

मार्च महिना. सकाळी आठ वाजले असतील. रिसायकलिंगच्या कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायचा राहिला होता. घरातल्या स्लिपर घालून, शाल न घेता मी तो फाटकापर्यंत नेला. मागे दार लागल्याचा आवाज आला. त्यानंतर साखळी लावल्याचा. ती साखळी मीच बसवून घेतली होती, त्यांनी एकट्यानं बाहेर जाऊ नये म्हणून.

मी दार वाजवलं. पत्र टाकायच्या फटीतून त्यांचे डोळे दिसले.

"अहो, मी आहे. वसुधा. दार उघडा."

"बाई, वसुधा माझी बायको आहे," ते आतून शांतपणे म्हणाले. "ती आत्ता घरात नाही. ती नसताना मी कोणाला आत घेत नाही."

मी बरंच काही सांगून पाहिलं. आमच्या लग्नाचं गाव सांगितलं, मृणालचं नाव सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "एवढी माहिती कुठून काढलीत तुम्ही?" आणि त्यांच्या आवाजात भीती आली. भीती वाटली की ते काय करतात ते मला माहीत होतं, म्हणून मी गप्प झाले. पायरीवर बसले. पाय गार पडले होते. तेव्हा छातीत काहीतरी आवळायला लागलं. आधी वाटलं रडू येतंय. पण ते जबड्यात गेलं, डाव्या हातात उतरलं, आणि मला कळलं की हे रडू नव्हे.

समोरच्या घरातले शेजारी कामाला निघाले होते, त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. हिरव्या कपड्यांतली दोन माणसं आली. एकानं ॲस्पिरिन चावायला दिली, दुसऱ्यानं छातीवर तारा लावल्या. मी सांगत होते, की माझे मिस्टर आत आहेत, त्यांना डिमेन्शिया आहे, आधी त्यांचं बघा.

आणि साखळी निघाली. दार उघडून अरविंद बाहेर आले. हॉस्पिटलचे कपडे दिसले की त्यांच्यातलं काहीतरी उठून उभं राहायचं. ते सरळ माझ्यापाशी गुडघ्यावर बसले. इतके महिने त्यांना गुडघा वाकवताना त्रास व्हायचा. माझं मनगट धरलं, दोन बोटं बरोबर नाडीवर ठेवली, माझ्या कपाळाकडे बघितलं. मग त्या दोघांना मराठीत म्हणाले, "यांना घाम फुटलाय, हात गार आहेत. इथे वेळ घालवू नका, लगेच हलवा."

त्या दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मी इंग्रजीत सांगितलं, की हे डॉक्टर आहेत, मला लगेच हलवा म्हणताहेत.

स्ट्रेचरवर घेतल्यावर ते बाजूनं चालत फाटकापर्यंत आले. माझ्या पायांवर ब्लँकेट नीट केलं. "घाबरू नका, बाई," म्हणाले. "यांच्या घरचं कोणी आहे का?" तो प्रश्न शेजाऱ्यांना होता. शेजाऱ्यांना मराठी येत नव्हतं. ॲम्ब्युलन्सचं दार लागलं, आणि मी त्यांना आमच्या घराच्या फाटकात उभं असलेलं शेवटचं पाहिलं. त्या घरात ते पुन्हा कधी राहिले नाहीत.

वॉर्ड

मनगटातून नळी घालून त्यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्या बघितल्या. त्या स्वच्छ निघाल्या. एक तरुण डॉक्टर पलंगापाशी खुर्ची ओढून बसली आणि तिनं मला मडक्याचं चित्र काढून दाखवलं. मग विचारलं, इतक्यात काही धक्का बसलाय का?

मी म्हणाले, नाही.

हे मी का म्हणाले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक तर लाज वाटली. हार्ट ॲटॅक म्हटलं की तो खरा आजार. हे म्हणजे मन कमकुवत निघालं आणि हृदयानं चुगली केली, असं मला वाटलं. तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा, की रक्तातले आकडे खरे असतात, तारांवरच्या रेषा खऱ्या असतात, आणि माझ्या बाजूच्या पलंगावरच्या बाईला खऱ्या हार्ट ॲटॅकनंतर जेवढी धाप लागत होती तेवढीच मला लागत होती. हे मला पूर्ण माहीत होतं. लॅबमध्ये मी स्वतः ते आकडे काढले आहेत. तरी लाज वाटली.

वॉर्डचं वेळापत्रक साधं असतं. सहाला रक्तदाब, आठला टोस्ट, दहाला डॉक्टर, मग काहीच नाही. त्या काहीच नसलेल्या वेळात मी फक्त एकच विचार करत होते, की आत्ता त्यांना पाणी कोण विचारत असेल आणि कुठल्या भाषेत. सोशल वर्करनं फोनवर सांगितलं होतं, की तात्पुरती सोय म्हणून त्यांना एका केअर होममध्ये ठेवलं आहे, ते सुरक्षित आहेत. मी विचारलं, ते बोलतात का? ती म्हणाली, हो, खूप बोलतात, पण आम्हाला कळत नाही.

चांगलं असं एकच सांगण्यासारखं घडलं. वॉर्डात एक मदतनीस बाई होती. तिसऱ्या दिवशी तिनं न विचारता माझे केस विंचरले आणि वेणी घातली. तिच्या बोटांना वेणीची सवय होती. मी भिंतीकडे तोंड करून रडले आणि तिनं ते बघितलं नाही असं दाखवलं.

मृणाल

मृणाल दुसऱ्याच दिवशी ट्रेननं आली. आधी वडिलांकडे गेली, मग माझ्याकडे. तिचं मराठी घरातलं आहे, लिंगं चुकतात, चिडली की आणखी चुकतात. ती कोट न काढता उभी राहिली.

"आई, तू मला खोटा बोललीस. प्रत्येक संडेला."

शेजाऱ्यांनी तिला सगळं सांगितलं होतं. माझा खांदा, आरडाओरडा, साखळी. मी म्हणाले, तू इतकी लांब, तुझी नोकरी, तुझी मुलं, तुला सांगून काय झालं असतं? ती म्हणाली, तो डिसिजन माझा होता, तुझा नाही. मग तिनं सांगितलं, की सोशल वर्करनं विचारलं तेव्हा तिनं खरं ते सांगितलं आहे, आणि बाबांना आता घरी आणता येणार नाही असंही सांगितलं आहे.

मी तिला म्हणाले, "तुला ते जड झालेत."

असं मी माझ्या मुलीला म्हणाले. तिनं पलंगाची कड धरली. मग म्हणाली, "मी दोघांना एकदम नाही लूज करू शकत, आई. एकाला तरी ठेवायचंय."

तिच्या परतीच्या ट्रेनची वेळ झाली होती. जाताना तिनं मला जवळ घेतलं, पण मधे मॉनिटरच्या तारा होत्या आणि दोघींनाही ते नीट जमलं नाही. आता आम्ही रोज बोलतो. मी आता "छान" म्हणत नाही, आणि खरं सांगितलं की पलीकडे शांतता पसरते. ती शांतता कशानं भरायची हे आम्हा दोघींना अजून कळलेलं नाही.

हृदय सुधारतं

या आजाराची चांगली बाजू म्हणून सगळे सांगतात, की हृदय पूर्ववत होतं. माझंही झालं. तीन महिन्यांनी तपासणीत मडकं गेलेलं होतं. एक तरुण तंत्रज्ञ पडदा माझ्याकडे वळवून दाखवत होता, बघा किती छान आकुंचन होतंय. मी बघितलं. खरंच छान होत होतं.

घरी मात्र मी सहा पायऱ्या चढून बसत होते. कपडे वाळत घातले की झोपावं लागायचं. बाहेर बिनचा आवाज आला की छाती धडधडायची. रिहॅबच्या वर्गात सायकल चालवताना सगळे आपापले आकडे वाढवत होते आणि मी मात्र होते तिथेच होते. मी विचारलं तेव्हा सांगितलं गेलं, की काही जणींना थकवा बराच काळ राहतो, का ते अजून नीट समजलेलं नाही. हे उत्तर प्रामाणिक होतं आणि मला ते आवडलं. पण त्याचं करायचं काय, ते कळलं नाही.

मी नलिनीताईंना फोन केला. त्यांचे मिस्टर आदल्या वर्षी गेले होते, तेव्हा मी फक्त मेसेज पाठवला होता. मी त्यांना म्हणाले, त्या दिवशी मी तुम्हाला फार उथळ उत्तर दिलं, माफ करा. त्या म्हणाल्या, "मला आठवतही नाही हो." थोड्या वेळानं म्हणाल्या, "सवयीनं नाही येत." मग त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

नमुने

ऑगस्टमध्ये फिओनाचा फोन आला, वार्षिक भेटीची वेळ झाली होती. मी गेले ते तिला एक गोष्ट सांगायला.

गेली दोन वर्षं मी ठरलेल्या दिवशी घरचे नमुने घेतच नव्हते. ठरलेला दिवस वाईट असायचा. अरविंद रात्रभर जागे असायचे, किंवा सकाळी मला ओळखत नसायचे. अशा दिवशी नळीत थुंकायचं मला जमत नव्हतं. मग मी चांगला दिवस येईपर्यंत थांबायचे. ते शांत असले, मला नावानं हाक मारली, की त्या दिवशी चार नळ्या भरायचे आणि वर ठरलेली तारीख लिहायचे. फॉर्ममध्येही तेच. "गेल्या महिन्यात तुम्हाला हतबल वाटलं का?" कधीच नाही. जिनं वेळ न लिहिलेला एक नमुना कधी स्वीकारला नाही, तिनं हे केलं. अनवधानानं नाही. दर वेळी पेन हातात धरून, समजून उमजून केलं.

फिओना ऐकत होती. मी म्हणाले, तुझ्या आलेखात जिचा ताण लवकर उतरतो ती जी म्हातारी बाई आहे, ती खरी नाही.

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त सांगितलं, की नियमाप्रमाणे तिला हे कळवावं लागेल, आणि त्या दोन वर्षांची माझी माहिती बहुधा वगळली जाईल. मग पेन खाली ठेवून म्हणाली, की त्यांची खरी अडचण वेगळीच आहे. ज्यांचं फार वाईट चाललेलं असतं ते यायचेच बंद होतात. पत्राला उत्तर देत नाहीत. शेवटी खोलीत जे येऊन बसतात ते तगलेले असतात, आणि त्यांच्यावरूनच म्हातारपण कसं झेलावं हे लिहिलं जातं. "तुम्ही आलात," ती म्हणाली. "असं सांगायला आजपर्यंत कोणी आलेलं नाही."

मी तिला विचारलं, पुढे येत राहू का? ती म्हणाली, प्लीज या. या वेळी मी फॉर्म खरा भरला. हतबल वाटलं का, याला शेवटच्या चौकटीत खूण केली. एकटं वाटलं का, शेवटची. संकटानंतर पुन्हा पहिल्यासारखं व्हायला वेळ लागतो का, असा एक प्रश्न असतो. तिथे मी खूण केली नाही. पहिल्यासारखं म्हणजे कशासारखं, हे मला सुचेना. ती जागा रिकामी सोडली, आणि फिओनानंही ती भरायला लावली नाही.

असं खरं लिहिल्यानं मन हलकं होतं, असं मी लिहिणार होते. ते खरं नाही. बसमध्ये बसल्यावर मन होतं तेवढंच जड होतं.

ग्रेस

केअर होमला जायला दोन बस बदलाव्या लागतात. मी आठवड्यातून तीनदा जाते, त्याहून जास्त शरीर ऐकत नाही. तिथे ग्रेस नावाची केअरर आहे, घानाची. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्याकडून शब्द मागून घेतले आणि इंग्रजी अक्षरांत कार्डांवर लिहिले. पाणी. जेवण. दुखतंय का. बसा. तिचा "दुखतंय का" ऐकून अरविंद एकदा खूप हसले आणि त्यांनी तिचा उच्चार सुधारून दिला, विद्यार्थ्याला सुधारावा तसा. त्या दिवशी मला वाटलं, हे जमेल.

सप्टेंबरात ते कार्डांना उत्तर देईनासे झाले. ऑक्टोबरात माझ्याशीही फार बोलेनासे झाले. ग्रेस म्हणाली, माझ्या आजीचंही असंच झालं होतं, शेवटी ती फक्त हात धरायची. पण अरविंद हात धरू देत नाहीत. परक्या बाईनं हात धरलेला त्यांना आवडत नाही.

मीटिंग

नोव्हेंबरात हृदयाच्या क्लिनिकचं शेवटचं पत्र आलं. हृदयाचं काम नॉर्मल, पुन्हा यायची गरज नाही. डिसेंबरात केअर होममध्ये मीटिंग ठरली. तात्पुरती व्यवस्था आता कायमची करायची का, हे ठरवायचं होतं. सोशल वर्कर होती, होमची मॅनेजर होती, मृणाल स्क्रीनवर होती.

सोशल वर्करनं फार सभ्यपणे विचारलं. तुमची तब्येत आता सुधारली आहे. तुम्हाला त्यांना घरी न्यायचं असेल, तर मदत देऊन प्रयत्न करता येईल का ते आम्ही बघू. तुमची इच्छा काय?

आजारी होते तोवर माझ्याकडे कारण होतं. आता पत्रात नॉर्मल लिहिलं होतं. मृणाल स्क्रीनवरून बघत होती आणि या वेळी तिनं माझ्याऐवजी उत्तर दिलं नाही. मला ते दार दिसलं, ती फट दिसली. मी म्हणाले, नाही. मला ते झेपणार नाही. मला त्यांची भीती वाटते.

हे शेवटचं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. मॅनेजरनं टिश्यूचा बॉक्स माझ्याकडे सरकवला. मृणालनं तोंडावर हात ठेवला होता. मग सोशल वर्कर म्हणाली, की हा निर्णय अरविंदना सांगायला हवा, त्यांना कळो न कळो, तो त्यांचा हक्क आहे. आणि त्यांच्या भाषेत सांगणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं.

ते लाउंजमध्ये खिडकीपाशी बसले होते. ग्रेसनं दाढी छान करून दिली होती. मी समोरची खुर्ची घेतली, कोट तसाच अंगात होता.

मी म्हणाले, "तुम्हाला आता इथेच राहायचं आहे. कायमचं. असं ठरलंय."

कितीतरी दिवसांनी त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"कोणी ठरवलं?"

"मी."

त्यांनी थोडा विचार केला. रागावले नाहीत. पेशंटचा रिपोर्ट ऐकून घेताना मान हलवायचे तशी हलवली.

"बरं," म्हणाले. मग त्यांची नजर माझ्या कोटावर गेली. "आणि तुम्ही? तुम्हाला जायला घर आहे ना?"

"आहे."

"मग उजेड आहे तोवर निघा," ते म्हणाले. "इथे फार लवकर अंधारतं."

मी निघाले. स्टॉपवर पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते आणि गाड्यांचे दिवे लागले होते.